बोटीवरचा सौना : नऊ दिवस वापरल्यानंतर

माझ्या एका स्नेह्यांनी या हंगामात आपल्या खासगी मोटरबोटीवर सौना, म्हणजे हीटरवरच्या तापलेल्या दगडांच्या उष्णतेत घाम काढत बसायची लाकडी खोली, बसवून घेतला आणि त्या बोटीवर सलग नऊ दिवस राहण्याचा योग मला आला. पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघे टॉवेल गुंडाळून बाकावर बसलो, यजमानांनी हीटरचे बटण फिरवले आणि बाहेरच्या पॅनेलवर ‘खट्’ असा आवाज होऊन हीटरचा दिवा विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. पॅनेलवरचा आरसीडी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका, हीटरला चालूच होऊ देत नव्हता. “आजच्यापुरता तो खटका बाजूला काढून थेट जोडू या का?” असे यजमानांनी विचारले, तेव्हा ओल्या अंगाने, पाण्यावर तरंगणाऱ्या खोलीत, साडेचार किलोवॉटच्या उपकरणाशेजारी बसायचे आहे याची मी त्यांना आठवण करून दिली आणि आम्ही तिघेही कपडे करून वर गेलो.

दुसऱ्या दिवशी आलेल्या वीजतंत्रज्ञाने दोष पाच मिनिटांत सांगितला. सौनाच्या हीटरमधील तापणारी तार एका धातूच्या नळीत असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली असते. ही भुकटी वीज रोखते, परंतु दमट हवेतील ओलावा मात्र हळूहळू शोषून घेते. बोट दोन महिने बंद उभी होती, त्या काळात नळ्यांच्या टोकांतून दमटपणा आत शिरला आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडणारा खटका आपले काम चोख बजावत होता. तंत्रज्ञाने नळ्या काढून गरम हवेत सुकवल्या, इन्सुलेशनचा रोध मोजला आणि मगच त्या परत बसवल्या. घरातील सौना आठवड्यातून दोनदा तापतो, त्यामुळे तेथे ही अडचण क्वचितच येते. बोटीवरचा सौना महिनोन्‌महिने खाऱ्या हवेत थंड पडून राहतो. आठवड्यातून अर्धा तास हीटर चालवून ठेवला की हे टळते, पण बसवणाऱ्या कंपनीने दिलेल्या पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नव्हती. कंपनीविषयी माझी ही पहिली तक्रार असून दुसरी याहून गंभीर आहे. ती पुढे येईल.

प्रथम वस्तूची ओळख करून देतो. बोट १८ मीटर लांबीची, फायबरग्लासची आहे. खालच्या मजल्यावर, मागच्या बाजूला, सामानाची जी खोली होती तिच्या जागी हा कक्ष उभारला आहे. आतील माप दीड मीटर बाय एक मीटर तीस सेंटिमीटर आणि उंची जेमतेम एक मीटर पंच्याण्णव, म्हणजे घनफळ चार घनमीटरच्या आत. एका घनमीटरला साधारण एक किलोवॉट असा सौनाचा ढोबळ हिशेब असतो, त्यानुसार साडेचार किलोवॉटचा हीटर योग्यच निवडला आहे. भिंतींना अल्डरच्या फळ्या आहेत, बाकांना ॲस्पेनच्या. दोन्ही लाकडे हलकी, राळ न गाळणारी आणि उष्णता सावकाश वाहून नेणारी असल्यामुळे ऐंशी अंशांच्या हवेतही उघड्या पाठीला टेकता येतात. सागवान बोटीवर कितीही शोभत असले तरी ते जड आणि घट्ट लाकूड आहे. सौनाच्या बाकाला ते वापरू नये. बाकाच्या फळ्या खालून स्क्रूने आवळलेल्या आहेत, हेही योग्य. फक्त दरवाजाजवळच्या टेकणीत एका स्क्रूचे डोके वर राहून गेले होते. शेजारच्या लाकडाइतक्याच तापमानाचा तो स्क्रू तिसऱ्या दिवशी माझ्या खांद्याला असा काही लागला की वाटाण्याएवढा लाल डाग आठवडाभर राहिला. लाकूड आणि पोलाद यांच्या उष्णतावहनातील फरक एवढ्या नेमकेपणाने मला यापूर्वी कुणी शिकवला नव्हता.

हीटर चालू केल्यापासून पस्तीस मिनिटांत वरच्या बाकापाशी ७५ अंश होतात आणि पन्नास मिनिटांत ८५. खोली लहान असल्याने दगडांवर अर्धी पळी पाणी टाकले तरी वाफेची लाट आधी छताला, मग मानेला आणि शेवटी गुडघ्यांना येऊन भिडते. फिनिश भाषेत या वाफेला ‘लोयल्यू’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि तो का असावा हे अशा लहान खोलीत पटते. कक्षाला पाण्याच्या पातळीच्या किंचित वर एक गोल खिडकी आहे. नांगर टाकून बोट शांत उभी असताना, घाम निथळत, डोळ्यांच्या रेषेत पाण्याचा पृष्ठभाग बघत बसणे ही या सौनाची खरी मिजास आहे, आणि केवळ या एका गोष्टीसाठी यजमानांनी केलेला खर्च मी समजू शकतो. जमिनीवरचा कोणताही सौना ते देऊ शकत नाही.

मात्र हे सुख बोट उभी असतानाचे. पाचव्या दिवशी मध्यम लाटांत, बोट चालू असताना, मी हट्टाने एकदा बसून पाहिले. दगडांवर गजांचा पक्का पिंजरा बसवलेला असल्यामुळे दगड जागचे हलले नाहीत, ही जमेची बाजू. बोटीवरच्या हीटरला असा बंदिस्त पिंजरा नसेल तर तो घेऊच नये. पण वाफेचे पाणी बादलीतून माझ्या पायांवर आले, बाकाची कड धरावी तर हीटरच्या जाळीची भीती, आणि बारा मिनिटांत डोके गरगरू लागले. बोट लागण्याची सवय नसलेल्या माणसालाही बंद, उष्ण खोलीत क्षितिज न दिसता डोलत राहिले की मळमळते; त्यात घामाने शरीरातील पाणी कमी झालेले असते. बोट चालू असताना सौना बंद ठेवावा असा नियम यजमानांनी त्या दिवशी केला आणि तो योग्य आहे.

आता विजेविषयी, कारण बोटीवर सौना घेणाऱ्याची सर्वांत जास्त फसगत येथे होते. साडेचार किलोवॉट म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ २० अँपिअर. धक्क्यावर बोटींना वीज देणाऱ्या खांबांवर अनेकदा १६ अँपिअरचीच जोडणी असते, आणि तीवर हा हीटर चालूच शकत नाही; ३२ अँपिअरची मिळाली तर हीटर चालतो, पण त्याच वेळी पाणी तापवणे, वातानुकूलन आणि शेगडी चालवायची झाल्यास हिशेब करावा लागतो. बॅटरीवर चालवायचे म्हटले तर बोटीच्या २४ व्होल्टच्या बॅटऱ्यांमधून इन्व्हर्टरमधील घट धरून २०० अँपिअरहून अधिक प्रवाह खेचला जातो. मनगटाएवढ्या केबलींची ही गोष्ट आहे. घरच्या वायरिंगच्या अनुभवावर कुणी हात घालू नये. एका संध्याकाळच्या दीड तासाच्या बैठकीला, तापवण्यापासून बंद करण्यापर्यंत, आमच्या मीटरवर सुमारे पाच युनिट खर्च दिसत असे. यजमानांच्या लिथियम बॅटऱ्यांची क्षमता दहा युनिटांची आहे, म्हणजे एका सौनामागे निम्मी बॅटरी संपली आणि फ्रीज, दिवे, पंप यांच्यासाठी उरलेली निम्मी सकाळपर्यंत पुरवायची. ते परवडत नाही, म्हणून नांगरावर असताना जनरेटर लावावा लागतो, आणि ज्या शांततेसाठी माणूस नांगर टाकतो ती शांतता जनरेटरच्या घरघरीत जाते. एवढेच असते तर मी ती तक्रार गिळली असती.

पण जनरेटरच्या बाबतीत आवाजापेक्षा धूर महत्त्वाचा आहे आणि या विषयावर मी थोडे सविस्तर लिहितो. सौनातून बाहेर आलेला माणूस अंग थंड करायला कोठे जातो? बोटीच्या मागच्या टोकाला, पाण्याला लागून असलेल्या पोहण्याच्या फळीवर. आणि जनरेटरचा धूर कोठून बाहेर पडतो? या बोटीवर, आणि अशा पुष्कळ बोटींवर, त्याच मागच्या बाजूने, पाण्याच्या पातळीला. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. जनरेटर पेट्रोलचा असेल तर त्याचे प्रमाण फारच जास्त असते आणि डिझेलचा असला म्हणून ते शून्य होत नाही. वारा पडलेल्या संध्याकाळी हा वायू बोटीच्या पाठीमागच्या खोलगट जागेत साचून राहतो. गरगरणे, डोके दुखणे, मळमळ, अशक्तपणा ही त्याच्या विषबाधेची पहिली लक्षणे आहेत, आणि सौनातून नुकत्याच उठलेल्या माणसाला नेमके असेच काहीसे वाटत असेल तर तो त्याचा दोष उष्णतेला देतो आणि तेथेच पडून राहतो. चौथ्या दिवशी आमच्यापैकी एकजण फळीवर बसून “आज जरा जास्तच तापलं वाटतं” म्हणाले तेव्हा मी आधी जनरेटर बंद केला आणि मग त्यांना पाणी दिले. कारण उष्णता होती की धूर, हे सांगता येणार नाही. पण त्यानंतर आम्ही क्रम बदलला. जनरेटर लावून कक्ष तापवायचा, ८५ अंश झाले की जनरेटर बंद करायचा आणि त्यानंतरच कुणी मागच्या फळीवर जायचे. दगड तापलेले असल्यामुळे वीस-पंचवीस मिनिटे उत्तम वाफ मिळते, पुढे थोडा वेळ बॅटरीवर रेटता येते, आणि शांतताही परत मिळते. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारी यंत्रे झोपण्याच्या खोल्यांत होती, मागच्या केबिनमध्ये नव्हती. ती तेथेही लावण्यास मी सुचवले.

पाण्यात उडी मारण्याविषयी थोडक्यात. शिडी आधी खाली सोडलेली असावी, प्रवाह पाहून घ्यावा, आणि वर कोरड्या कपड्यांत एक माणूस असावा. पाणी १५ अंशांच्या खाली असेल तर पहिल्या मिनिटात श्वास अनावर होतो आणि तोंड पाण्याखाली असताना तो घेतला गेला तर संपले. म्हणून उडी न मारता शिडीने उतरावे. मद्य घेतलेल्याला सौनातही घेऊ नये आणि पाण्यातही सोडू नये. हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच बसावे.

दरवाजा पाहून मात्र मी खरोखर हादरलो. काचेचा, बाहेर उघडणारा, कुलूप नसलेला दरवाजा हा सौनाचा मूलभूत नियम आहे, कारण आत चक्कर आलेल्या माणसाने नुसता अंग टाकला तरी तो उघडला पाहिजे. कंपनीने दिलेला दरवाजा तसाच होता, एका छोट्या गोळीच्या खिटीवर अडकणारा. परंतु शेजारून एखादी मोठी बोट गेली की तिच्या लाटेने हा दरवाजा आपोआप उघडे आणि धाडकन आपटे. त्यावर उपाय म्हणून बोटीवरच्या कुणीतरी बाहेरून एक पितळी कडी ठोकली होती. ती प्रवास चालू असताना, कक्ष रिकामा असताना लावण्यासाठी होती हे खरे. पण जी कडी बाहेर आहे ती केव्हातरी कुणीतरी सवयीने लावणारच. ती काढल्याशिवाय मी आत बसणार नाही असे सांगितले आणि यजमानांनी स्वतः पेचकस आणून ती काढली. तिच्या जागी आता दोन जोरकस चुंबके आहेत, जी लाटेला दाद देत नाहीत पण तळहाताच्या धक्क्याने सुटतात. प्रवासात दरवाजा बांधायचाच असेल तर तो सताड उघडा ठेवून भिंतीला बांधावा. मुळात बोटीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कक्षाला घरगुती खिटी बसवावी, हे मला समजलेले नाही.

आता त्या दुसऱ्या, गंभीर तक्रारीकडे येतो. बोटीवर खोली तापवणे ही सोपी गोष्ट आहे. तापवल्यानंतर ती उष्णता आणि तो ओलावा कोठे जातो यावर सगळे अवलंबून असते. उष्णतेची बाजू कंपनीने चांगली सांभाळली आहे. बोटीच्या फायबरग्लासमधील सामान्य पॉलिएस्टर रेझिन साधारण ६० ते ८० अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागते, म्हणजे सौनाची हवा थेट सांगाड्याला, अर्थात बोटीच्या बाहेरच्या कवचाला, लागली तर बोटीचेच नुकसान होईल. येथे फळ्यांच्या मागे हवेची फट, तिच्यामागे ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवलेले इन्सुलेशन आणि त्यामागे पुन्हा मोकळी जागा आहे. ऐन तापलेल्या वेळी मी शेजारच्या कपाटातून हात घालून सांगाड्याला लावून पाहिला, तो कोमटसुद्धा नव्हता.

हात बाहेर काढला तो मात्र ओला होता. कपाटाची मागची फळी काळपट पडली होती, तिला कुबट वास येत होता आणि तिच्यावर काळ्या बुरशीचे ठिपके दिसत होते. याच हंगामात बसवलेल्या फर्निचरची ही अवस्था. छताची एक पट्टी सोडवून पाहिल्यावर कारण समजले. सौनाची हवा बाहेर टाकणारी नळी बोटीच्या बाहेर नेलेलीच नव्हती. ती शेजारच्या केबिनच्या खोट्या छतात उघडी सोडून दिली होती, जेणेकरून सांगाड्याला एक छिद्र कमी पाडावे लागेल.

याचा साधा हिशेब करून पाहावा. एका संध्याकाळी दगडांवर दोन-अडीच लिटर पाणी पडते, तिघांचा घाम मिळून लिटर-दीड लिटर, म्हणजे चार लिटरच्या आसपास पाणी हवेत जाते. वीस अंश तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. शेजारची केबिन दहा घनमीटरची आहे, तेव्हा तिच्यातील सगळी हवा ठणठणीत कोरडी असली तरी ती १७० ग्रॅम धरील. उरलेले तीन लिटरहून अधिक पाणी थंड सांगाड्यावर थेंब होऊन बसणार, आणि तेथून वायरींच्या जोडांवर, गादीखाली, लाकडाच्या चिरांत उतरणार. बोटीला बाहेरच्या पाण्यापासून वाचवण्यासाठी माणूस एवढा आटापिटा करतो आणि येथे पाणी आतूनच, स्वखर्चाने, रोज संध्याकाळी सोडले जात होते.

गोडे पाणीही लागते, हे विकणारे सांगत नाहीत. दगडांवरचे दोन लिटर हा प्रश्नच नाही. प्रत्येक फेरीनंतरची अंघोळ प्रत्येकी दहा लिटर धरली तरी तिघांच्या दोन फेऱ्यांना साठ लिटर होतात आणि सहाशे लिटरच्या टाकीचा दशांश एका संध्याकाळी संपतो. ते वाचवण्यासाठी एका पाहुण्यांनी उत्साहाने समुद्राचे पाणी बादलीत भरून आणले होते. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. वाफ होऊन उडते ते पाणी, मीठ दगडांवर आणि हीटरच्या नळ्यांवर बसते आणि पोलाद खात राहते. बादली परत पाण्यात रिकामी झाली. खालच्या जमिनीतले पाणी पाण्याच्या पातळीखाली असल्याने आपोआप वाहून जात नाही, लहान टाकीत साठून पंपाने बाहेर जाते, आणि त्या पंपाची जाळी केसांनी व लाकडाच्या कुसळांनी भरते. ती दर दोन दिवसांनी साफ करावी लागली.

वजनाबद्दल एकच वाक्य पुरे : काच, फळ्या, हीटर, दगड मिळून सुमारे तीनशे किलो बोटीच्या एका अंगाला आल्याने ती किंचित कलली होती आणि बॅटऱ्या दुसऱ्या बाजूला सरकवाव्या लागल्या, हाच कक्ष वरच्या डेकवर बसवला असता तर बोटीचा डोल वाढला असता.

दुसरे पर्याय नाहीत असे नाही. इन्फ्रारेड कक्षाला दीड-दोन किलोवॉट पुरतात, पाणी लागत नाही, हवा ५० अंशांच्या आसपासच राहते आणि विजेचे व ओलाव्याचे निम्मे प्रश्न सुटतात. पण त्यात दगड नाहीत, वाफ नाही, आणि खऱ्या सौनाची सवय असलेल्यासाठी ती दुधाची तहान ताकावर भागवणे आहे. स्टीम रूम तर बोटीवर अजिबात नको, तिथे ओलावा याच्या कित्येक पट असतो. लाकडाची चूल वीज मागत नाही, परंतु तापलेले धुराडे डेकमधून बाहेर काढणे, ठिणग्या आणि बंद जागेतला धूर हे सारे फायबरग्लासच्या बोटीत अंगाशी येऊ शकते. फिनलंडमध्ये, जेथील सौना संस्कृतीची २०२० साली युनेस्कोच्या यादीत नोंद झाली, सौना पाण्यावर न्यायचा तर पुष्कळदा तो स्वतंत्र तराफ्यावर बांधतात : चूल, धुराडे आणि लाकडी खोली, चहूबाजूंनी उघडी हवा, आणि सुकवण्याचा प्रश्नच नाही. ज्यांची बोट बाराही महिने एका जागी बांधलेली असते त्यांनी आधी हा तराफा पाहावा.

बोटीतच हवा असेल, बोट पंधरा मीटरहून मोठी असेल, जनरेटर आधीपासून असेल आणि वर्षातील बराच काळ थंड पाण्यात जात असेल, तर या आकाराचा विजेचा कक्ष मी घ्यायला सांगेन. लाकूडकाम, हीटरची निवड आणि इन्सुलेशन यांना माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण आहेत. दरवाजाच्या खिटीला आणि पुस्तिकेला नापास. हवा बाहेर टाकण्याच्या नळीबद्दल कंपनीकडून पैसे परत मागावेत असे माझे मत आहे, आणि यजमानांनी तसे पत्र पाठवलेही आहे. बसवून घेणाऱ्याने पैसे चुकते करण्यापूर्वी एवढेच करावे : सौना तापवावा, दगडांवर पाणी टाकावे आणि बाहेर येऊन बोटीच्या बाहेरील अंगाला वाफ निघणारे छिद्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. ते दिसले नाही तर छत उघडायला सांगावे.

सातव्या दिवशी कारागीर आला, त्याने नळी पुढे नेऊन पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच वर, लाटेचे पाणी आत येऊ नये म्हणून हंसाच्या मानेसारखे वळण देऊन, बाहेर काढली आणि तिला एक छोटा पंखा लावला. तेव्हापासून आम्ही शेवटचा माणूस उठल्यावर हीटर वीस मिनिटे चालू ठेवतो, दरवाजा उघडा टाकतो आणि पंखा तासभर फिरू देतो. शेजारच्या केबिनमधील आर्द्रतामापक सहाव्या रात्री ९१ टक्के दाखवत होता. नवव्या रात्री, तितकेच लोक आणि तितक्याच पळ्या पाणी असताना, तो ६३ वर थांबला.